एआयनं काढलेलं पाठ टाचण गणिताला चालावं का?

वाळव्याचा_मास्तर: सातवीला परिमिती-क्षेत्रफळ घ्यायचं होतं. सूत्र फळ्यावर टाकून मोकळं व्हायचं नव्हतं, पोरांनी स्वतः शोधावं असं मनात होतं. रात्री एआयला सांगितलं, पोरं ऊसवाल्यांची आहेत, गुंठा सगळ्यांना माहितीय, उत्तर न सांगता पाठ बसवून दे आणि पोरं कुठं चुकतील तेपण लिही. वीस मिनिटांत टाचण तयार. सकाळी मैदानात फक्कीनं 33 बाय 33 फुटांचा चौकोन आखला, शेजारी 11 बाय 99 चा लांबुळका पट्टा, दोन्हीकडं 1089 चौरस फूट म्हणजे एक गुंठाच. विचारलं, कुंपणाला तार कुठं जास्त? एक पोरगी लगेच, "जमीन तेवढीच तर तारपण तेवढीच की सर." एआयनं हीच चूक लिहिलेली! मग सुतळीनं मोजलं, एकीकडं 132 फूट, दुसरीकडं 220. पोरीला पटंना, परत एकदा मोजून आली. मी तर म्हणतो प्रत्येक शिक्षकानं हे वापरावं.

सातारकर_गुरुजी: मला नाही पटत सर. आमच्या साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटातल्या, झेडपीच्या शाळा बघायला महाराष्ट्रभरातनं शिक्षक यायचे, ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरांनी स्वतः करून-शोधून शिकणं, तिथं काड्यांच्या गठ्ठ्यात आणि फरशीवरच्या आखणीत दिसायचा, आणि ते सगळं शिक्षकांनी एकत्र बसून, पोरांकडं बघून बसवलेलं. पोरगं कुठं अडंल याचा विचार करताना गणित आधी आपल्याला नीट कळतं. तो विचारच दुसऱ्याकडनं करून घेतला तर हातात राहिलं काय? खरं सांगा, त्या दिवशी टाचणात नसलेलं कुणी काही विचारलं का?

दोनशिक्षकी_शाळा: गुरुजी, तुमचा मान राखून बोलते. आमच्याकडं चार वर्ग, दोन शिक्षक, वर रोज कुठली ना कुठली ऑनलाइन माहिती भरायची, त्यात बसून विचार कधी करायचा ते सांगा. एआय नसता तर मी पुस्तकातली उदाहरणंच गिरवून घेतली असती. पण डोळे झाकून घेऊ नका कुणी. मला त्यानं गुंठा म्हणजे 121 चौरस मीटर असं लिहून दिलेलं. 121 हे चौरस यार्ड, मीटरमध्ये 101 च्या आसपास येतं. घरी शेती आहे म्हणून खटकलं, नाहीतर पोरांच्या वहीत तसंच गेलं असतं.

वाळव्याचा_मास्तर: गुरुजी, विचारलं होतं. एका पोरानं विचारलं, गुंठा 33 च फुटाचा का, 30 चा का नाही? टाचणात पुढं तक्ता भरायचा होता म्हणून मी "नंतर सांगतो" म्हणून पुढं गेलो. तुम्ही विचारल्यापास्नं तेच डोक्यात आहे.

सातारकर_गुरुजी: अहो मग तोच खरा पाठ होता! जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, असे 40 झाले की एकर. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. मशीननं एक चूक आधी सांगितली हे मान्य, पण तुमचे कान त्या एका चुकीकडंच लागून राहिले.

वाळव्याचा_मास्तर: हे लागलं मनाला. तरी एआय सोडणार नाही, त्याच्याशिवाय तो 11 बाय 99 चा पट्टा मला सुचलाच नसता. पण तक्ता काढून टाकतो. त्या पोराच्या आज्याला सोमवारी शाळेत बोलवलंय, जुन्या मोजणीचं सांगायला. कुणाकडं खरी साखळी असली तर कळवा, पोरांच्या हातात द्यायचीय.