अनुभव धागा: लहान पोट्ट्यांचं गमतीचं संगीत नाटुकलं कसं बसवलं?

डिसेंबर आला की गॅदरिंगची गडबड सुरू होते. पेन ड्राइव्हवर गाणं लावून डान्स तर सगळेच बसवतात, त्याचं नकोच. पहिली ते चौथीच्या लेकरांना घेऊन गाणी, नकला, बतावणी असं हसवणारं काही केलं असेल तर लिहा. काय जमलं, काय फसलं, पब्लिक कुठं हसलं. पहिले मीच लिहितो.

धागाकर्ता, यवतमाळ जिल्हा, दोनशिक्षकी शाळा
आमच्याकडे खरी अडचण कापूस वेचणीची. ऐन प्रॅक्टिसच्या टायमाला अर्धे पोट्टे मायबापासंग वावरात, त्यामुळे ज्याला रोल दिला तोच गायब. मग कोणाला रोल द्यायचाच नाही असं ठरवलं, सगळ्यांना सगळं पाठ, त्या दिवशी जो हजर तो उभा. लिहायला पोळ्याच्या झडत्यांचा (पोळ्यात बैलांपुढं म्हणतात त्या यमकाच्या ओळी) साचा घेतला, कारण तो पोट्ट्यांच्या तोंडात बसलेलाच असते. विषय, शाळेतली खिचडी.
"चाक रे चाक, सायकलचं चाक,
खिचडीत वाटाणा दिसला तर मारजो मले हाक"
आणि मग सगळं गाव मिळून हर बोला हर हर महादेव! हे म्हणायला पब्लिकला शिकवावं लागत नाही. मधात एक बोलणारा बैल होता, एका घोंगडीत दोन पोट्टे, शिंगं पुठ्ठ्याची (एक शिंग कणकेच्या खळीपायी बकरीनं खाल्लं, बैल एकशिंगीच उभा राहिला). ऐन कार्यक्रमात मागच्या पोट्ट्याला गुदगुल्या झाल्या, तो खालीच बसला, समोरचा मात्र गाणं सोडायला तयार नाही. अर्धा बैल बसलेला, अर्धा गाते. लोकं हसून हसून लोळले राजेहो. लिहिलेल्या जोकवर कोणी एवढं हसलं नाही.

झाडीतला मास्तर, वडसा साइड, गडचिरोली जिल्हा
आमच्या इकडची लेकरं दिवाळीनंतर रात्र रात्र झाडीपट्टीची नाटकं पाहतात, त्यामुळे एन्ट्री कशी घ्यायची, टाळ्या येईपर्यंत कुठं थांबायचं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त समजते. पण त्याचा एक तोटा आहे, विनोदी म्हटलं की प्रत्येक पोराला दारुड्याच व्हायचं असते. आता गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, तरी तिसरीतलं पोरगं एवढा हुबेहूब झोक खाते, ते कुठून शिकलं हे विचारायची सोय नाही. मी तो रोल काढलाच. मला वैयक्तिक पटत नाही, लेकराच्या तोंडी दारुड्या दिला की हशा मिळते पण तो हशा त्याच्या बापावर असते. त्याच्याऐवजी मोबाइलची रेंज शोधणारा माणूस घेतला, तो बोलता बोलता बाकावर, टेबलावर, शेवटी हेडमास्तरच्या खुर्चीवर चढते आणि गाण्याची ओळ दर वेळी अर्धवट तुटते. तोच झोक, तीच धडपड, लोकं तेवढेच हसले.
आणखी एक, पेटीवाला गावातला कलाकार होता, त्यानं सवयीनं काळी एक धरली, म्हणजे मोठ्या माणसांची खालची पट्टी. लेकरांचा आवाज खाली दबून गेला, शब्दच ऐकू येईना. काळी चार, म्हणजे वरची पट्टी, करायला लावली तेव्हा कुठं पोरं मोकळी गायली. हे आधी तपासून घ्या.

एक आई, दर्यापूरकडची
आमच्या बाईंनी मुलींकडून भुलाबाईची (मुली फेर धरून म्हणतात ती सणाची) गाणी घेतली होती, चाल जुनी आणि शब्द नवे, सासरच्या तक्रारीऐवजी शाळेच्या तक्रारी. शेवटी खिरापत ओळखायची, डबा वाजवून. पब्लिकमधल्या आज्या एवढ्या ओरडायल्या की मुलींना उत्तर सांगायला वावच मिळाला नाही. सगळं मस्त, पण ते बक्षीस! कडवं रंगात आलं की कोणीतरी दहाची नोट घेऊन स्टेजवर, मग गाणं बंद, "अमुक अमुक यांच्याकडून दहा रुपये", मग पुन्हा पहिल्यापासून. माझी पोरगी तेच कडवं म्हणून म्हणून रडकुंडीला आली. नोटांसाठी खाली डबा ठेवा ना बाप्पा, नावं शेवटी वाचा.

मेळघाटातली बाई
माझ्या वर्गात सगळी कोरकू बोलणारी मुलं, मी बाहेरची. म्हणून नाटुकलंच तेच केलं, बाई मराठीत विचारते, मुलं कोरकूत गाऊन उत्तर देतात, बाईला काहीच समजत नाही आणि ती "शाब्बास" म्हणते. बाईचा रोल मीच केला. उत्तरं मुलांनी आणि त्यांच्या आजोबांनी रचली, अर्थ मी मुद्दाम विचारला नाही. गाव दर ओळीला फुटत होतं. नंतर स्वयंपाकीण मावशींनी अर्थ सांगितले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण माझ्या चालण्याबद्दल होतं एवढं सांगते.

वर्धेकडचा, साउंडवाला म्हणा
मास्तर नाही, बिछायत केंद्र आहे आपलं, मंडप-साउंड भाड्यानं देतो. एकच माइक असला की लेकरं नाटक सोडून माइककडे पळतात, आणि एक जण तो सोडतच नाही. वरून दोन माइक लटकवा, दोरीनं. दुसरं, जानेवारीची थंडी असते, पहिलीवाले आधी घ्या, भाषणं मागून. साडेनऊला त्यांना उठवून स्टेजवर उभं केलेलं पाहिलं आहे, पोरगं झोपेत गाते. भाषणवाल्यांना हे सांगायची हिंमत करा म्हणजे झालं. आमच्या गावच्या सरपंचीणबाईंना यंदा गुरुजींनी नाटुकल्यातच रोल दिला, म्हणजे भाषण टळलं. त्या हो म्हणाल्या आहेत, पण माइक लागणार नाही म्हणतात, आणि मले ते खरं वाटते.