जलपर्णीवर पैसा घालायचा की नाल्यावर?

हरिपूरकर:
परवा घाटावर पुन्हा पोकलेन आला. दोन दिवस कृष्णेतली जलपर्णी ओढली, काठावर ढीग लावला, फोटो झाले, मशीन गेलं. ढीग तिथंच. काल त्यात हात घालून बघितला. वरची पानं वाळलेली, पण खाली देठ फुगीर अन् मुळं ओलीचिंब. पहिल्या वळवात सगळं परत नदीत! माझं मत, हा सरकारी खर्चच बंद करा. सांगलीच्या शेरी नाल्यासारखं सांडपाणी नदीत येतंय तोवर जलपर्णीला आयतं खत मिळतंय.

मिरजेची लेक:
अजिबात पटलं नाही. हवा मानवली की ही साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आज चार गुंठे असेल, तर दोन महिन्यांत दीड एकर. खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. कौलं शाकारायची आहेत म्हणून तोवर गळतीखाली घमेलं ठेवायचं नाही का?

हरिपूरकर:
ठेवा की. पण भरलेलं घमेलं तिथंच ओतू नका.

तासगावचा पाव्हणा:
एवढं कशाला? तणनाशक मारा, विषय संपला.

मिरजेची लेक:
दादा, याच पाण्यावर जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उपसायच्या विहिरी आहेत. आणि मेलेली जलपर्णी तळाशी कुजली की तेच खत पुन्हा पाण्यात.

शेतीवाला बाळू:
भुंग्यांचं कुणी बोलंना. जलपर्णी खाणारे निओचेटिना जातीचे भुंगे 1980 च्या दशकात आपल्या देशात आणले, बंगळुरूच्या तळ्यांत त्यांनी काम केलं. पण वर्षं लागतात. नदीत सोडले तर पुरात जलपर्णी अन् भुंगे, दोन्ही कर्नाटकात! सांगलीतल्या काळ्या खणीसारख्या साचलेल्या पाण्यात मात्र करून बघायला हरकत नाही. आणि काढायचीच असेल तर टेंडरमध्ये टनावर पैसे देऊ नका. शंभर किलोत नव्वदच्या वर पाणीच असतं, म्हणजे बिल पाण्याचं. काठापासून लांब वाळवा, मगच उचला. उचलल्याशिवाय बिल नाही.

मिरजेची लेक:
ही अट मला मान्य. पण काढणं थांबवायचं नाही. तिचं बी चिखलात 15-20 वर्षं टिकतं, एक उन्हाळा सोडला तरी पुढं निस्तरत बसाल.

हरिपूरकर:
बाळू, तुझ्या अटीवर काढणार असतील तर माझाही विरोध नाही. आत्ताच घाटावरनं आलो. त्या ढिगात एक जांभळा तुरा फुललाय.