मोर्चिनेकचं खातं कसं मांडायचं?

वाचनवेडा:
गुस्ताव मोर्चिनेक हा पोलंडच्या सायलेशियातल्या कोळसा खाणींचा लेखक. जन्म १८९१, कार्विना. सोळाव्या वर्षी खाणीत उतरला. पोरगं हुशार दिसलं म्हणून खाणकामगारांनीच वर्गणी काढून शिकवलं, पुढे स्कोचुफला मास्तर झाला. १९३९ ते १९४५ नाझी छळछावण्यांत, साक्सनहाउझेन आणि दाखाउ. १९५२त खासदार. १९५३त स्टालिन गेला आणि सायलेशियातल्याच कातोवित्से शहराचं नाव ‘स्तालिनोग्रुद’ करायचा प्रस्ताव संसदेत मांडायला उभा राहिला तो हाच. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की आधी हेच निघतं.

मला हा अन्याय वाटतो. स्टालिन वारला ५ मार्चला, नाव बदललं ७ मार्चला. संसदेतला सोपस्कार नंतरचा. निर्णय झालेलाच होता, त्यांना फक्त एक सायलेशियन तोंड हवं होतं.

तिरकस:
आणि त्याने ते दिलं! ‘एक तोंड’ म्हणून सोडून कसं देता? त्या तोंडाला किंमत आली होती ती खाणवाल्यांच्या वर्गणीतून. त्याच शहरात तीन शाळकरी मुलींनी या नामांतराविरुद्ध पत्रकं वाटली, त्यांना शिक्षा झाली. पोरींना जमलं ते साठीतल्या नामवंत लेखकाला का जमू नये?

पाटीलबुवा:
नामांतराचा धागा... पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (आपल्याकडची शहरं आणू नका रे, अॅडमिन कुलूप लावतील.)

बल्लारपूरकर:
तिरकसभौ, छावणीत साडेपाच वर्षं काढलेल्या माणसाला परत ‘नाही’ म्हण म्हणायचं? आपण पंख्याखाली बसून? माझे बाबा खाणीत होते, म्हणून त्याची विसेक घोड्याची गोष्ट मुद्दाम शोधून वाचली. १९३३ची आहे. अंधारात राबून राबून डोळे गेलेला घोडा. छत कोसळणार हे त्याला आधीच कळतं, तो जागचा हलत नाही आणि माणूस वाचतो. बाबा सांगायचे, वरचं छत ‘बोलतं’, ते ऐकू आलं की हत्यार टाकून पळायचं. हे ज्याला लिहिता येतं तो खाली उतरलेला असतो, एवढं मला कळतं. बाकी राजकारण तुम्ही बघा.

तिरकस:
गोष्ट चांगली आहे, वाद कुठाय? पण बघा, घोडा अडून बसला. त्याला लिहिणारा नाही बसला.

वाचनवेडा:
हे लागलं. तरी एक सांगतो. १९५६च्या डिसेंबरात कातोवित्से परत कातोवित्से झालं. नाव टिकलं जेमतेम पावणेचार वर्षं. विसेक मात्र पोलिश मुलं पिढ्यान् पिढ्या शाळेत वाचत आली.

तिरकस:
म्हणजे पुस्तक टिकलं की तो प्रस्ताव माफ? मग त्या तीन मुलींनी काही लिहिलं नाही, हीच त्यांची चूक म्हणायची.

बल्लारपूरकर:
माफीचं कोण बोललं? दोन्ही लिहा ना त्याच्या नावापुढे. पण घोडा आधी लिहा.