दार-ए-सलामला बदली: पगार, शाळा, फोन याबद्दल सल्ला हवाय

अनघा_क
नवऱ्याची टांझानियात बदली झालीये, तीन वर्षांसाठी. लेकाची सातवी संपली की मे महिन्यात निघू. आठवी ते दहावी तिकडे, अकरावीला परत पुण्यात. शाळा कुठल्या बोर्डाची बघू? पगार शिलिंगमध्ये घ्यावा का? आणि तिथे यूपीआय नाही म्हणे, मग रोजचं कसं चालतं?

उपांगाकर
ताई, घरखर्चापुरतं शिलिंगमध्ये, बाकीचं भारतातल्या खात्यात, असं करारात लिहून घ्या. २०२३-२४ मध्ये डॉलरपुढे शिलिंग चांगलाच घसरला होता; सगळा पगार त्यात असलेल्यांचे हाल झाले. मार्च २०२५ पासून देशातल्या व्यवहारांचे दर परकीय चलनात लावायला बंदी आहे, त्यामुळे भाडं, फी शिलिंगमध्येच. घरमालक तरी 'डॉलरचं बघा' म्हणाला तर मान डोलवू नका.

यूपीआयचं काम तिथे एम-पेसा करतं. केनियात २००७ ला, टांझानियात २००८ ला आलं, म्हणजे आपल्या बरंच आधी. पैसे बँकेत नाही, फोन नंबरवर असतात. कोपऱ्यावरच्या वकालाकडे, म्हणजे एजंटाच्या टपरीवर, नोटा दिल्या की नंबरवर जमा. इंटरनेट नको, साध्या बटणाच्या फोनवरही चालतं. फुकट मात्र नाही, पैसे काढताना शुल्क कापतात. जुलै २०२१ मध्ये सरकारने वर लेव्हीही, म्हणजे जादा करही, बसवली होती, मग लोकांनी इतकी ओरड केली की ती कमी करावी लागली.

विजेचं बिल येत नाही, मीटर प्रीपेड. फोनवरून पैसे भरले की २० आकडी टोकन एसएमएसने येतं, ते मीटरवर दाबायचं. रात्री अकराला युनिट संपले की याची किंमत कळते! सिमकार्ड कंपनीच्या दुकानातूनच घ्या, पासपोर्ट आणि बोटांचे ठसे लागतात.

मीनल डोंबिवली
शाळेचं मी सांगते. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिक एकदम इंग्रजीत. तिथल्याच पोरांची त्यात दमछाक होते. २०१६ पासून माध्यमिकच्या चौथ्या इयत्तेपर्यंत फी माफ झाली, पटसंख्या वाढली आणि वर्ग ओसंडून वाहायला लागले. तुम्हाला खासगीच बघावी लागणार.

अकरावी पुण्यात करायची असेल तर डोळे झाकून सीबीएसई. केंब्रिज या ब्रिटिश बोर्डाच्या मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर आपल्याकडे अकरावीच्या फेऱ्या कुठल्या कुठे गेलेल्या असतात. फक्त शाळेची संलग्नता सीबीएसईच्या साइटवर स्वतः तपासा, माहितीपत्रकावर जाऊ नका.

भटक्या७
पुढे परदेशातच शिकवायचं असेल तर केंब्रिज वाईट नाही. बाकी आयआयटी मद्रासनेही २०२३ मध्ये टांझानियातल्याच झांझिबार बेटावर शाखा काढलीये :)

अनघा_क
नको, सीबीएसईच. मनापासून आभार सगळ्यांचे! एक बावळट प्रश्न: तूरडाळ इथून न्यावी का?

उपांगाकर
अहो, तूर तिथूनच आपल्याकडे येते! २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिथल्या शेतकऱ्याची तूर मातीमोल झाली. त्याच साली आपला शेतकरी बारदान्याविना खरेदी केंद्रावर ताटकळत होता. डाळीचं ओझं नको, गोडा मसाला न्या. तो मात्र तिथे शोधूनही सापडायचा नाही.