मदत हवी आहे : निगेटिव्ह स्कॅनर एका फ्रेमला जवळजवळ अर्धा तास घेतो, संगणक बदलावा का?

विश्वामित्रीकाठ :

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे. बाबांनी सत्तरच्या दशकापासून काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह घरी पत्र्याच्या डब्यांत आहेत. सगळ्या ३५ मिमीच्या. बऱ्याचशा कृष्णधवल, इंदू आणि ऑर्वो या ब्रँडचे रोल, नंतरच्या रंगीत. मांडवी, न्यायमंदिर, दांडिया बाजारातले गणपती, महादेवाची मूर्ती उभी राहण्याआधीचं सूरसागर तळं, शिवाय घरातली लग्नं आणि मुंजी. बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. फोटोत कोण उभं आहे, कुठल्या वर्षीचा आहे, हे फक्त तेच सांगू शकतात, म्हणून मला हे काम लवकर उरकायचं आहे.

स्कॅनर वापरलेला घेतला आहे. फक्त फिल्मचा, ७२०० डीपीआयचा (म्हणजे एका इंचात ७२०० ठिपके वाचणारा), यूएसबी २.०. पट्टी होल्डरमध्ये घालून एकेक फ्रेम हाताने पुढे सरकवायची. संगणकात विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. सेटिंग अशी : ७२०० डीपीआय, ४८ बिट रंग, धूळ-ओरखडे काढणारं इन्फ्रारेड चालू, मल्टी एक्स्पोजर (एकच फ्रेम दोनदा वाचणं) चालू, फाइल टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी मोठी.

एका फ्रेमला पंचवीस मिनिटं सहज जातात, कधी अर्ध्या तासापर्यंत. स्कॅनरचा आवाज थांबल्यावरही पडद्यावरची पट्टी बराच वेळ पुढे सरकत नाही आणि त्या वेळात संगणकावर दुसरं काहीच उघडत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, डिस्कवर जागा केली, फरक नाही. दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं, संगणक जुना झाला, नवा घ्या. तेवढा खर्च करण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं असं वाटलं. शिवाय एका डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो, तो कशाचा?

लालदिवा :

ताई, नव्या संगणकाची घाई करू नका. आधी वेळ नेमका कुठे जातो ते पाहू. स्कॅनर फिल्म वाचून माहिती वायरीतून पाठवतो हा एक भाग. ती माहिती घेऊन संगणक धूळ काढतो, रंग बसवतो, फाइल लिहितो हा दुसरा. तुमच्याकडे दोन्ही भागांत अडचण दिसते आहे.

पहिल्या भागासाठी स्कॅनरचा आवाज ऐका. आतला गाडा एकसारखा घरघरत पुढे गेला तर वायर ठीक. तो थांबतो, किंचित मागे जातो, पुन्हा पुढे येतो, असं होत असेल तर माहिती तयार आहे पण तिला जायला वाट मिळत नाही. स्कॅनरची तात्पुरती मेमरी भरली की ती रिकामी होईपर्यंत गाड्याला थांबावंच लागतं. वेळ तर जातोच, पण दर थांब्याला फोटोत बारीक आडवी रेघ उमटण्याचाही धोका असतो.

दुसऱ्या भागासाठी स्कॅन चालू असताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा. मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क या दोन आकड्यांवर लक्ष ठेवा. आणि स्कॅनरची वायर नक्की कुठे लावली आहे तेही सांगा.

कॅमेरावाला :

डीएसएलआर असेल तर मॅक्रो लेन्स आणि एलईडी लाइट पॅनल घेऊन निगेटिव्हचेच फोटो काढा. एका फ्रेमला काही सेकंद लागतात.

लालदिवा :

उपाय खरा आहे, कृष्णधवलला तर उत्तमच. पण मॅक्रो लेन्स, स्टँड, पॅनल हे सगळं विकत घ्यायचं, कॅमेरा आणि फिल्म अगदी समांतर बसवायची, रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पाया नंतर काढत बसायचं. ताईंकडे स्कॅनर आहे, तो आधी नीट चालवून बघू.

विश्वामित्रीकाठ :

दादा, तुम्ही सांगितलं तसंच आहे. गाडा थांबत थांबत जातो, मला वाटायचं याचा आवाजच असा. सीपीयू भिंतीला टेकून आहे, मागे हात पोचत नाही, म्हणून वायर टेबलावरच्या जुन्या हबमध्ये (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीत) लावली होती. हबच्या तळाशी यूएसबी १.१ असं कोरलेलं आहे. स्कॅनर जोडला की कोपऱ्यात ‘हे उपकरण अधिक वेगाने चालू शकेल’ अशा अर्थाची सूचना येऊन जाते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळपास पूर्ण भरलेली, आणि स्कॅन संपल्यावर डिस्क १०० टक्के.

लालदिवा :

मग हिशोब जुळतो, बघा. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमी. ७२०० डीपीआयला ती सुमारे ६,८०० बाय १०,२०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास ७ कोटी पिक्सेल. ४८ बिटला दर पिक्सेलमागे ६ बाइट, म्हणजे एका फ्रेमचे साधारण ४१५ एमबी. मल्टी एक्स्पोजर म्हणजे तेच पुन्हा एकदा. इन्फ्रारेडची फेरी त्यावर आणखी १४० एमबीच्या आसपास. एकूण हजार एमबीच्या जवळ गेलो. यूएसबी १.१ चा वेग कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड एमबी. प्रत्यक्षात एक एमबी धरा. सोळा-सतरा मिनिटं निव्वळ वायरीत गेली! यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिटचा आहे, तिथे वायर आड येत नाही, स्कॅनर स्वतःच्या वेगाने चालतो.

उरलेली मिनिटं रॅमची. विंडोज १० आणि ब्राउझर मिळून अर्धी रॅम खातात. एवढं मोठं चित्र आणि त्याच्या एक-दोन प्रती उरलेल्या जागेत मावत नाहीत. मग संगणक हार्ड डिस्कलाच रॅम म्हणून वापरतो, आणि फिरत्या तबकडीची डिस्क या कामाला फार मंद पडते.

तेव्हा हब काढा, टेबल ओढा आणि वायर थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावा. पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने जोडलेले असतात, ते टाळलेले बरे. स्कॅन करताना ब्राउझर बंद. फोटोंच्या फोल्डरला अँटीव्हायरसमधून सूट द्या, नाहीतर तो प्रत्येक टिफ उघडून तपासत बसतो. पैसे खर्चायचेच असतील तर आणखी ४ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

सिल्व्हरजिलेटिन :

माझा मुद्दा इन्फ्रारेडचा, आणि तो वेगापेक्षाही महत्त्वाचा आहे. इंदू, ऑर्वोसारख्या कृष्णधवल फिल्मवर प्रतिमा चांदीच्या कणांची असते. इन्फ्रारेड चांदीतून आरपार जात नाही. म्हणून सॉफ्टवेअरला खुद्द चित्रच ओरखडा वाटतं आणि ते केस, डोळे, साडीची किनार पुसायला जातं. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी फक्त रंगद्रव्यं उरतात, त्यांतून इन्फ्रारेड सरळ जातं आणि धूळ तेवढी अडवते, म्हणून तिथे हे तंत्र इतकं छान चालतं. तेव्हा ताई, कृष्णधवलला इन्फ्रारेड बंद ठेवा. आतापर्यंत केलेल्या कृष्णधवल स्कॅनमधले चेहरे मोठे करून तपासा, गुळगुळीत दिसले तर ती फ्रेम पुन्हा करावी लागेल.

व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट प्लॅस्टिकचा पाया विघटित होतो आहे. त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं आणि ते शेजारच्या चांगल्या निगेटिव्हनाही लागतं. तो डबा आजच वेगळ्या कपाटात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि स्कॅनिंगला पहिला तोच घ्या. पट्ट्या आक्रसून वाकड्या झाल्या की होल्डरमध्ये सपाट बसत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरते. बुरशीच्या डागांना पाणी अजिबात लावू नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होतं आणि चित्रच निघून येतं. ब्लोअरने धूळ उडवा, लागलंच तर फिल्म क्लीनर.

विश्वामित्रीकाठ :

वायर मागच्या पोर्टात लावली. गाडा आता एकसारखा जातो, ती सूचनाही येत नाही. काल रात्री जुन्या स्कॅनमधले चेहरे मोठे करून पाहिले. आजीच्या नऊवारीचे काठ खरंच पुसट झाले आहेत. तीच फ्रेम इन्फ्रारेड बंद करून पुन्हा घेतली तर काठावरची नक्षी स्वच्छ आली. मन भरून आलं. तुम्हा दोघांचे फार आभार. आता डीपीआय किती ठेवू? कमी केला तर पुढे पस्तावायला होईल का, ही धास्ती आहे.

लालदिवा :

३६०० ठेवा. घरगुती ७२०० च्या स्कॅनरमधून खरा तपशील साधारण त्याच्या निम्म्याइतकाच मिळतो, वरचे पिक्सेल फाइल फुगवतात. ३६०० ला सुमारे ५,१०० बाय ३,४०० पिक्सेल येतात, त्यातून १७ बाय ११ इंची छापील फोटो ३०० डीपीआयला निघतो. कृष्णधवल १६ बिट ग्रे मध्ये ठेवलं तर फाइल ३५ एमबीची, रंगीत ४८ बिटला १०५ एमबीच्या आत. मल्टी एक्स्पोजर फक्त स्लाइडना किंवा फार दाट निगेटिव्हना.

पण तुमची खरी निकड बाबांच्या आठवणीची आहे, तेव्हा क्रम उलटा करा असं मी म्हणेन. आधी सगळे रोल ९०० डीपीआयला, जेपेगमध्ये, बाकी सगळं बंद ठेवून भराभर घ्या. चेहरे ओळखायला तेवढं पुरतं. बाबांबरोबर बसा, ते बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करत जा. निवडक फ्रेमा ३६०० ला सावकाश पुन्हा घ्या, त्याला पुढचं वर्षभर लागलं तरी हरकत नाही. वासाचा डबा मात्र पहिल्याच फेरीत ३६०० ला.

विश्वामित्रीकाठ :

हे डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळपासून तसंच सुरू करते. शेवटचं एक : फाइलला नाव काय द्यावं? तारखा बऱ्याच रोलच्या माहीत नाहीत.

सिल्व्हरजिलेटिन :

तारीख नावात घालूच नका, नंतर बदलावी लागते. रोलला तुमचा क्रमांक द्या आणि तोच पट्टीच्या पाकिटावर पेन्सिलने लिहा. पुढे फिल्मच्या कडेला छापलेला फ्रेम क्रमांक. म्हणजे ०१४-२२. वर्ष, जागा, माणसं हे सगळं वेगळ्या तक्त्यात. पट्टी पाकिटात परत ठेवताना क्रमांक जुळतो का तेवढं दरवेळी बघा.