नवी क्युसू पहिल्यांदा वापरण्याआधी तुम्ही काय केलंत?

किटलीवाली: परवा नागोयाहून परत आले. तिथला विमानतळ २००५ पासून तोकोनामेच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर आहे, म्हणून शेवटची सकाळ त्या कुंभारांच्या गावात काढली आणि एक लाल क्युसू घेतली. क्युसू म्हणजे बाजूला आडवी मूठ असलेली छोटी चहादाणी. आतबाहेर कुठेच ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नाही. आता खोका समोर आहे आणि हात पुढे होत नाही. दुकानातल्या आजी म्हणाल्या, गरम पाण्याने धुवा, झालं. मैत्रीण म्हणते, चहापत्तीत तासभर उकळ. आई म्हणते, मातीचं भांडं आहे ना, मग रात्रभर पाण्यात बुडव. ज्यांनी वापरलीये त्यांनी अनुभव लिहा, फजितीसकट.

अर्धा कप: फजिती हवी असेल तर माझी घ्या. योकोहामात असताना मी आधी दोनाबे, म्हणजे भाताचं मातीचं भांडं घेतलं होतं. त्यात पहिल्यांदा तांदळाची पेज शिजवतात. दोनाबेची माती सच्छिद्र असते, पेजेने ती भोकं बुजतात. पुढे क्युसू घेतली तेव्हा मी हुशारी करून तिच्यातही पेज ओतली! क्युसूला तोटीच्या मुळाशी आतून मातीचीच जाळी असते, सुईच्या टोकाएवढी भोकं. सकाळपर्यंत सगळी चिकटून बसली. दोन दिवस कोमट पाणी, बाळाचा मऊ ब्रश आणि नवऱ्याचे टोमणे. जाळी मोकळी झाली, पण पहिल्या आठवड्यात चहाला कांजीचा वास होता.

निवांत: तोटीच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी असेल तर ती काढा. ती प्रवासात तोटी फुटू नये म्हणून असते. मी वर्षभर तशीच ठेवली होती, काढली तेव्हा आत काळी बुरशी.

माती-माती: उकळण्याची पद्धत बहुतेक चीनमधल्या यीशिंग शहराच्या मातीच्या चहादाण्यांवरून आलेली आहे. तोकोनामेची लाल माती बारीक पोताची, अकराशे अंशांच्या आसपास भाजलेली. आपल्या माठासारखी ती पाझरत नाही. लाल रंग मातीतल्या लोहाचा, आणि तीच माती हवा कोंडून भाजली की काळी होते. तेव्हा रात्रभर बुडवून तोटा नाही, पण फायदाही फारसा नाही. तरी उकळायचीच असेल तर पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, थंड पाण्यातच ठेवून मग गॅस लावा, झाकण वेगळं ठेवा. मी फडकं घातलं नव्हतं. उकळी आल्यावर चहादाणी टकटक आपटत राहिली आणि झाकणाच्या कडेचा टवका उडाला. ते झाकण त्याच चहादाणीवर घासून बसवलेलं असतं, दुसरं मिळत नाही.

वेलचीग्रस्त: साबण लावू नका. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सासरेबुवांनी मोठ्या प्रेमाने माझ्या क्युसूत आलं-वेलचीचा चहा मुरवला. नंतर तीन आठवडे सेन्चातून, म्हणजे जपानी हिरव्या चहातून, वेलचीच येत होती. शेवटी तिला होजिचाची, म्हणजे भाजलेल्या हिरव्या चहाची, चहादाणी करून टाकली. भाजक्या पत्तीच्या वासात वेलची खपून जाते.

किटलीवाली: केलं एकदाचं! आजींचंच ऐकलं. नळी काढली, जाळीवर बोट फिरवलं, मातीची बारीक भुकटी हाताला लागली. गरम पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलं, दोनदा. पाणी पडताच रंग विटेवरून गडद शेंदऱ्यावर गेला आणि पहिल्या पावसासारखा वास आला. मग चमचाभर सेन्चा, सत्तरएक अंशांचं पाणी, एक मिनिट. शेवटचा थेंब निघेपर्यंत कलती धरली, नाहीतर दुसरा घाणा कडू होतो. आई एक घोट घेऊन म्हणाली, "छान आहे, आता आपला टाक."

एक विचारायचं राहिलंच, झाकणाला असलेलं भोक कुठल्या बाजूला ठेवायचं, तोटीकडे की मुठीकडे?

निवांत: मी तोटीकडे ठेवतो. आणि वापरून झाली की झाकण काढून वाळवा, लगेच कपाटात टाकू नका.