मदत हवी आहे: प्रॅक्टिकल घेताना रिमोट डेस्कटॉप सारखं तुटतंय

वर्कशॉपवाली:
कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीला घरून रिमोट डेस्कटॉपने जोडते आणि ती विंडो झूमवर शेअर करून शिकवते. जरा वेळ नीट चालतं, मग फटकन बंद. परत जोडलं की परत तेच. नेट बदलून झालं, केबल लावून झाली. उद्या सकाळी नऊला प्रॅक्टिकल आहे. कोणीतरी नेमकं सांगा. 'रीस्टार्ट करून बघा' नको.

अर्धाचहा:
रीस्टार्ट करून बघितलंत का? (हलके घ्या.)
विंडोज कुठलं? शिकवता काय? बंद होताना काही मेसेज?

पमाकाकू:
झूम फुकटचं असेल तर ४० मिनिटांत बंद होणारच. आमच्या भजनी मंडळाचं ऐन भैरवीला व्हायचं. गूगल मीटवर गेलो, तिथे तासभर मिळतो.

वर्कशॉपवाली:
काकू, झूम चालूच असतं हो! पीसीचं कनेक्शन जातं. विंडोज १० प्रो, शिकवते सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचं थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर). मेसेज येतो की दुसरं कोणीतरी जोडलं गेलं म्हणून तुमचं तुटलं.

टर्मिनलभक्त:
विंडोज आहे तोवर हे भोग आहेत. लॅबला लिनक्स टाका, मुलांना फ्रीकॅड (तसंच, पण फुकट सॉफ्टवेअर) शिकवा. शिकवायला मुक्त सॉफ्टवेअर वापरा, असं आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प कधीचा सांगतोय.

नेटकर_नाना:
भक्तराज, उद्या नऊला त्यांचं प्रॅक्टिकल आहे, लिनक्सची दीक्षा नाही.
मॅडम, मेसेजातच उत्तर आहे. विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. त्याच लॉगिनने दुसरा आला की पहिला बाहेर. त्या पीसीचा पासवर्ड अजून कोणाकडे आहे?

वर्कशॉपवाली:
मुलांकडे, अर्थात. ग्रुपवर टाकलाय. ती प्रॅक्टिस कशावर करणार?

अर्धाचहा:
=)) किती मुलं?

वर्कशॉपवाली:
एका बॅचला २०. हसू नका.

जुगाडू:
सोप्पंय. एक पॅच मिळतो, तो टाकला की एकाच प्रोवर हवे तितके जण बसतात. आमच्या ऑफिसात मस्त चालतंय.

नेटकर_नाना:
पुढचा विंडोज अपडेट येईपर्यंत. शिवाय ते लायसनच्या अटींत बसत नाही, कॉलेजच्या मशीनवर कशाला ही भानगड? आणि एका पीसीवर २० सॉलिडवर्क्स उघडले तर रॅम कुठली पुरणार?
मॅडम, मुलं व्हीपीएनवरून, म्हणजे कॉलेजच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित खाजगी वाटेने येतात ना?

वर्कशॉपवाली:
व्हीपीएन नाही. सिस्टीमवाल्यांनी राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून दिलंय. आयपी पत्ता टाकला की झालं.

नेटकर_नाना:
३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं पोर्ट, उघडं?! ते आजच बंद करायला सांगा. उघडी ३३८९ शोधत बॉट दिवसरात्र फिरतात, पासवर्ड सापडला की रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी.

जुगाडू:
पोर्टचा नंबर बदलला की पुरे. उगाच घाबरवू नका.

नेटकर_नाना:
नंबर बदलून दार बंद होत नाही.

बोरूबहाद्दर:
अवांतर: आम्ही ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं पट्ट्यांचं यंत्र) खांद्याला लावून एसटीने जायचो. शीटवर हाताने रेघ मारल्याशिवाय फर्स्ट अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायची पद्धत) डोक्यात शिरत नाही. स्क्रीनवर मॉडेल गरगर फिरवून काय कळणार?

टर्मिनलभक्त:
+१. आणि ड्राफ्टरला लायसन लागत नाही.

अर्धाचहा:
उद्यापुरतं: पासवर्ड बदला, नवा ग्रुपवर टाकू नका. एखाद्याकडून करून घ्यायचं असेल तर झूममधूनच त्याला रिमोट कंट्रोल द्या. बाकीचे बघतील.
नंतर: लॅबमधले इतर पीसीही रात्रंदिवस चालू ठेवायला सांगा. रोल नंबरप्रमाणे एकेकाला एकेक पीसी, आत यायला व्हीपीएन. किंवा अपाचे ग्वाकामोले नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मुलं ब्राउझरमधून येतात, कुणाला कुठला पीसी ते तिथेच ठरवता येतं. फक्त मांडायला जाणकार माणूस लागेल.

वर्कशॉपवाली:
पासवर्ड बदलला. तेवढ्यात ग्रुपवर सात जणांनी नवा मागितला. पोर्टचं सिस्टीमवाल्यांना कळवलं, ते म्हणतात एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आणा. झूमवर कंट्रोल दिलेला पोरगा सोडतच नसेल तर?

अर्धाचहा:
शेअर थांबवा, कंट्रोल आपोआप जातो.

पमाकाकू:
नातवाने मेकॅनिकल घेतलंय. पन्नास हजारात कुठला लॅपटॉप घ्यावा?